महिला पंच

तिसऱ्यांदा उलटी झाली तेव्हा सिंधूबाई शेवंतीच्या वाफ्याकडेला गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या होत्या. पोटात होतं काय, तर अर्धा कप चहा. तो पहिल्या उलटीतच गेला होता, आता नुसतं पिवळं, कडू पाणी येत होतं. मागे बबनराव तांब्या घेऊन उभे होते. बायकोकडे बघवत नव्हतं म्हणून ते रस्त्याकडे बघत होते, आणि रस्त्यावरून आपल्याकडे कोण बघतंय का, तेही बघत होते.

"झालं का?"

"व्हतंय."

"लिंबू चोख जरा. कोर्टात असं व्हाया नको."

सिंधूबाईंनी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. बबनराव काही वाईट नव्हते. तीस वर्षांत त्यांनी बायकोवर हात उगारला नव्हता. फक्त कुठलीही अडचण आली की त्यांना बायकोच्या आधी लोक आठवायचे. आत्ताही तसंच झालं होतं. सिंधूबाईंनी तांब्या त्यांच्या हातात परत दिला आणि घराकडे चालू लागल्या.

समन्स आल्याला पंधरा दिवस झाले होते. तेव्हापासून गावात ज्याला त्याला सिंधूबाईंच्या घाबरण्यावर औषध सुचत होतं. कुणी म्हणालं, पायाचा अंगठा जमिनीत रुतवून उभं राहा, पाय कापत नाहीत. कुणी म्हणालं, जजकडे बघूच नका, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. अनिता तर खडीसाखरेची पुडी घेऊन आली. अनिता अंगणवाडीत मदतनीस. चार वर्षांपूर्वी सिंधूबाईंच्या जोडीला तीही पंच होती, आणि तिची साक्ष मागच्याच तारखेला होऊन गेली होती.

"मामी, धा मिन्टांचं काम हाय," ती म्हणाली. "वकील इचारतो, सही तुमचीच का? म्हणायचं, व्हय. लिहिलंय ते खरं का? म्हणायचं, व्हय. सुटलो. मी तर येताना दौंडात भेळ खाल्ली."

सिंधूबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. गोल, स्वच्छ, पावडर लावलेलं तोंड. या तोंडाने हिने भेळ खाल्ली. त्यांना एकदम इतकी घाण वाटली की पुडी त्यांनी हातात घेतली नाही, चुलीच्या कट्ट्यावर ठेवायला सांगितली. अनिता गेल्यावर ती खडीसाखर त्यांनी मुंग्यांना टाकली, आणि मुंग्यांनी ती खाल्ली तेही त्यांना बघवेना.

परवा स्वतः बापूसाहेब येऊन गेले होते. सोसायटीचे चेअरमन, साठ एकराचे मालक, एरवी माळ्याच्या अंगणात पाय टाकायचे नाहीत. खुर्चीवर न बसता ओट्यावरच टेकले. आवाज इतका मऊ, की आजाऱ्याला बघायला आल्यासारखा.

"बाई, तुम्ही खोटं काही बोलायचं नाही. आपल्याला खोटं नकोच हाय. कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच बोलायचं. सहीच्या बाहेर जायचं नाही."

जाता जाता त्यांनी शेवंतीची चौकशी केली. यंदा फूल चांगलं हाय, टेम्पो कधी भरणार, वाटेत खड्डे पडलेत, मुरूम टाकून देतो म्हणाले. सिंधूबाईंच्या शेताची वाट बापूसाहेबांच्या बांधावरून जायची. कागदोपत्री वाट नव्हतीच. माणसं एकमेकांशी बोलत होती तोवर वाट होती. बांधावर काटे पडले की फुलं शेतातच सुकणार, हे बबनरावांना कळलं आणि सिंधूबाईंनाही कळलं. बापूसाहेबांनी ते तोंडाने म्हणायची गरज नव्हती. ते गेल्यावर त्यांनी टेकलेली ओट्याची कड सिंधूबाईंनी शेणाने सारवून काढली.

बापूसाहेबांची सून प्रांजल चार वर्षांपूर्वी त्यांच्या शेततळ्यात सापडली होती. घरचे सांगत होते, पहाटे मोटर चालू करायला गेली आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला. तिची आई सुवर्णा इनामगावची. ती म्हणत होती, माझी पोर घोडनदीत पोहायला शिकली, ती तळ्यात बुडतेच कशी? तिने केस लावून धरली. आरोपी एकच, नवरा पृथ्वीराज, आणि तो जामिनावर बाहेर होता. पोरगी स्वतःच्या पायाने नीट आवरून बाहेर पडली, एवढ्यावर त्याची सगळी भिस्त होती, आणि त्याला आधार होता तो पंचनाम्याचा. अंगावर जखमा नाहीत, कपडे व्यवस्थित. खाली दोन महिला पंचांच्या सह्या.

बाईचं प्रेत म्हणून बाया पंच लागल्या. बचत गटाची अध्यक्ष म्हणून सिंधूबाईंना घरून उचलून नेलं होतं. तळ्याच्या बांधावर ताडपत्री टाकून प्रांजलला ठेवलेलं. बराच वेळ पाण्यात राहून बोटं फुगली होती, नाकातोंडाशी फेस होता, केसांत शेवाळ. वरून ऊन. हवालदार मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहीत होता आणि लांबूनच म्हणत होता, "बघा ओ मावशी, हात बघा, पाठ बघा." अनिताने पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. सिंधूबाईंना तोंडाकडे बघवेना. सव्वीस वर्षांची पोर, हळदीकुंकवाला घरी यायची, जाताना चार फुलं मागून न्यायची. आणि तिच्याकडे बघताना त्यांच्या पोटातून फक्त ओकारी वर येत होती. त्यांनी तोंड फिरवलं. नजर खाली आली ती साडीवर.

निऱ्या उलट्या होत्या.

बाई स्वतः नेसते तेव्हा निऱ्यांची तोंडं तिच्या डाव्या हाताला पडतात. घाई असो, अंधार असो, हात आपोआप तिकडे जातो. प्रांजलच्या निऱ्या उजवीकडे तोंड करून होत्या. आणि कुठलीही बाई निरीची पिन आतून लावते, दिसू नये म्हणून. ही बाहेरून लावलेली, आडवी, कमरेखाली दोन बोटांवर. सिंधूबाईंना तेव्हाच वाटलं, हा हात हिचा नव्हे. हा गड्याचा हात. पृथ्वीराजने नेसवली.

हवालदाराच्या कागदावर निऱ्यांना रकाना नव्हता. तो म्हणाला, "कपडे व्यवस्थित लिहू ना?" अनिता पदराआडून हुं म्हणाली. सिंधूबाईंना तिथून फक्त पळायचं होतं. त्यांनी सही केली, बांधापलीकडे जाऊन ओकल्या, घरी येऊन दोनदा आंघोळ केली. गेली चार वर्षं त्यांना किळस कशाची येत होती, असं कुणी विचारलं असतं तर त्या फुगलेल्या बोटांची येते असं त्यांनी सांगितलं असतं. ते खरं नव्हतं. स्वतःच्या सहीची येत होती.

साक्षीच्या त्या सकाळी नऊ वाजता दारात बापूसाहेबांची पांढरी गाडी थांबली. सरकारच्या साक्षीदाराला आरोपीच्या घरची गाडी न्यायला आली, यात गावात कुणाला काही वावगं वाटलं नाही. गाडीतून झुंबरबाई उतरल्या. बापूसाहेबांच्या बायको, प्रांजलच्या सासू. हातात पिशवी.

"आगं, काय ही दशा," त्या आत येऊन म्हणाल्या. "बबनराव सांगत व्हते, पोटात पाणी ठरंना म्हणून. बस. आधी बस बघू."

त्यांनी पिशवीतून घडी काढली. मोतिया रंगाची साडी, तांबडे काठ.

"आक्का, हाय मला साडी."

"हाय तर राहूदे. चार लोकांत उभं राहायचं, अंगावर नीट असलं म्हंजी मन पण थाऱ्यावर राहतं. आन् नको म्हणू नको, आता आणलीय."

सिंधूबाईंनी घ्यायची नाही असं मनाशी म्हटलं होतं. पण दारात बबनराव उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर सबंध वाट दिसत होती, खड्ड्यांसकट. त्या साडी घेऊन आतल्या खोलीत गेल्या. एक फेरा झाला, निऱ्या घालायला घेतल्या आणि हात कापायला लागले. चार निऱ्या झाल्या की पाचवीला सगळ्या बोटांतून सुटायच्या. तीनदा सुटल्या. तेवढ्यात दार ढकलून झुंबरबाई आत आल्या.

"सोड. मी नेसवते."

"आक्का, तुम्ही कशाला?"

"सोड म्हणते ना. कापतीय बघ कशी. कोंबडी बरी."

झुंबरबाईंनी पाट ओढला आणि सिंधूबाईंच्या समोर बसल्या. त्यांना एकच मुलगा, लेक नाही. दुसऱ्या बाईला नेसवायची त्यांना सवय नसावी, पण हात झपाझप चालत होते. निरी घालायच्या, बोटाने चेपायच्या, पुढची घ्यायच्या, आणि तोंडाने अखंड बोलायच्या. बोलणं कानाला गोड होतं. त्यांच्या अंगाला चंदनाच्या साबणाचा वास येत होता आणि त्यांच्या हातांची ऊब सिंधूबाईंच्या ओटीपोटाला लागत होती. सिंधूबाईंनी श्वास धरून ठेवला.

"भ्यायचं काय त्यात? आपुन काय चोरी केली का? पृथ्वीराजला बघ, चार वर्सं झाली, भाकर गोड लागंना त्याला. निम्मा राहिलाय. सुटला म्हंजी दुसरं लगीन करून देणार हाय मी. असा किती दिवस राहील?"

झुंबरबाईंनी पुढची निरी बोटाने चेपली.

"बाईनं उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा तर साडीतच. आमच्यात तसंच हाय पहिल्यापासून. प्रांजलला त्या गाऊनचं भारी याड. घरात चोवीस तास गाऊन. मी म्हणायची, आगं उद्या काय बरंवाईट झालं तर लोकांनी असंच बघायचं का तुला? घराची काय अब्रू राहील?" झुंबरबाईंनी दातांत धरलेली पिन काढली. "पोट आत घे जरा."

त्यांनी निऱ्या आत खोचल्या, कमरेखाली दोन बोटं मोजली आणि बाहेरून पिन लावली. मग मागे सरून, मान तिरकी करून आपलं काम बघितलं.

"आता कशी दिसतीस. बघ."

सिंधूबाईंनी खाली बघितलं. निऱ्यांची तोंडं उजवीकडे होती. पिन आडवी होती.

समोर बसून नेसवणाऱ्या बाईच्या डावीकडच्या निऱ्या नेसणारीच्या उजवीकडे पडतात. एवढी साधी गोष्ट. पण सिंधूबाईंनाही लेक नव्हती; त्यांनी कधी कुणाला नेसवलं नव्हतं आणि लग्नानंतर त्यांनाही कुणी नेसवलं नव्हतं. म्हणून चार वर्षं त्या गड्याचा हात समजून बसल्या होत्या. गड्याचा नव्हताच. पृथ्वीराजने जे काय केलं ते केलं असेल. पण त्यानंतर ही बाई अशीच पाट घेऊन बसली असेल, नाहीतर गुडघ्यावर बसली असेल, आणि जमिनीवर पडलेल्या पोरीचा गाऊन काढून हिने तिला साडी नेसवली. लोकांनी गाऊनवर बघू नये म्हणून. असंच बोटाने चेपून. पिन दातांत धरून.

ज्या हातांची ऊब अजून पोटावर होती ते हात झुंबरबाई आता पदराला पुसत होत्या.

"काय गं? बरं न्हाई का वाटत?"

सिंधूबाईंनी स्वतःचे हात बघितले. कापायचे थांबले होते. भीती कुठे गेली ते त्यांना कळलं नाही. तिच्या जागी नुसती किळस उरली होती, कोरडी, जिची उलटीसुद्धा होणार नाही अशी. पिन काढून, साडी फेडून, अंगावर बादलीभर पाणी ओतून घ्यावं असं त्यांना वाटलं. त्यांनी पिनेला हातही लावला. मग काढून घेतला.

"न्हाई आक्का," त्या म्हणाल्या. "चांगल्या बसल्यात निऱ्या. राहूद्या अशाच."

यवत, चौफुला, वरवंड, पाटस. गाडीत एसी होता आणि आरशाला लावलेल्या डबीतून गुलाबाचा वास येत होता. पुढच्या सीटवरून बबनराव दर दहा मिनिटांनी मागे वळून बायकोचा चेहरा बघत होते. त्यांनी प्लास्टिकची पिशवी मांडीवर तयार ठेवली होती. ती लागली नाही. झुंबरबाईंनी सिंधूबाईंचा हात दौंडपर्यंत आपल्या हातात धरून ठेवला होता, आणि सिंधूबाईंनी तो धरू दिला. वाटेत पाहिजे तर ओढून घेता आला असता, असं त्यांना नंतर पुष्कळ दिवस वाटत राहणार होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात सुवर्णा एकटीच भिंतीला टेकून उभी होती. चार वर्षांत ती वाळून गेली होती. एकाच गाडीतून उतरून तिघं येताना तिने बघितली, सिंधूबाईंच्या अंगावरची नवी साडी बघितली, आणि तोंड फिरवलं. असं तोंड फिरवलेलं कसं दिसतं ते सिंधूबाईंनी पहिल्यांदा समोरून बघितलं. झुंबरबाई दारासमोरच्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन.

"इथंच हाय मी," त्या म्हणाल्या. "आतून दिसते बघ. घाबरलीस तर माझ्याकडं बघायचं."

पुकारा झाला. सिंधूबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. जज बाई होत्या, तरुण, पांढऱ्या साडीवर काळा कोट. आरोपीच्या जागी पृथ्वीराज खाली मान घालून उभा होता. निम्मा वगैरे काही झाला नव्हता, उलट अंगाने भरला होता. शपथ झाली. सरकारी वकिलांनी कागद पुढे धरला आणि पुढच्या प्रकरणाची फाईल चाळत चाळतच विचारलं,

"पंच म्हणून तुम्ही हजर होता?"

"व्हय."

"ही सही तुमची?"

"व्हय."

"यातला मजकूर बरोबर आहे?"

डोक्यावरचा पंखा खडखडत होता. त्यांना वाट दिसली, बांधावर पसरलेली बाभळीची काटेरी शिरी दिसली, आणि तिच्या अलीकडे उभा राहिलेला टेम्पो दिसला.

"एक सोडून," त्या म्हणाल्या. "कपडे व्यवस्थित लिहिलंय. ते बरोबर न्हाई."

सरकारी वकिलांनी फाईल मिटली. "म्हणजे?"

"निऱ्या उलट्या व्हत्या."

आरोपीचे वकील उठले तेच हसत उठले. "साहेब, पंचनाम्यात निऱ्यांचा उल्लेखसुद्धा नाही. चार वर्षांनी आता निऱ्या कुठून आल्या? आणि निऱ्या कुणीकडे वळल्या याचा या केसशी काय संबंध?"

मागच्या बाकावरचे दोघेतिघे वकीलही हसले. जज बाई हसल्या नाहीत.

"उलट्या म्हणजे कशा?" त्यांनी विचारलं.

"बाई सोता नेसती तवा तोंडं डाव्या हाताला पडत्यात. तिची उजव्या हाताला व्हती. आन् पिन बाहेरून, आडवी."

जज बाईंची नजर क्षणभर टेबलाखाली, आपल्या मांडीकडे गेली. मग त्यांनी कोट सारखा केला आणि टायपिस्टला म्हणाल्या, "जसं सांगतायत तसं घ्या." आरोपीचे वकील अजून उभेच होते, पण हसायचे थांबले होते.

"हे तेव्हा का सांगितलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"घाण वाटली म्हणून तोंड फिरवलं. नंतर वाट जाईल म्हणून गप बसले."

"कसली वाट?"

"शेताची."

दारापाशी उभ्या असलेल्या बबनरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मला वाटलं, गड्यानं नेसवली," सिंधूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना स्वतःला अनोळखी वाटला. त्यात रडू नव्हतं, कापरं नव्हतं. "आज सकाळी कळलं, गड्यानं न्हाई. बाईनं."

"आज सकाळी काय झालं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

सिंधूबाई पिंजऱ्यात एक पाऊल मागे सरल्या आणि पदर बाजूला घेतला. "माझ्या निऱ्या बघा. माझे हात कापत व्हते म्हणून मला दुसरीनं नेसवली, समोर बसून. पिन पण तिनंच लावली. मी तशीच ठेवलीय. हात लावला न्हाई."

पृथ्वीराजने मान वर केली.

"कोणी नेसवली?" जज बाईंनी विचारलं.

"बाहेर बाकावर बसल्यात त्या."

सगळ्या माना उघड्या दाराकडे वळल्या. पंख्याच्या खडखडाटात आणि व्हरांड्यातल्या गलक्यात झुंबरबाईंना आतलं काही ऐकू जात नव्हतं. त्यांना फक्त दिसलं, की सिंधूबाई त्यांच्याकडे बघतायत. त्यांना वाटलं, पोरगी भ्याली. त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली, हात वर केला, आणि लांबूनच तळवा हलवत मायेने खूण केली, घाबरू नकोस, मी हाय.